वांग्याच्या फुलांचा सलूनवाला

सन दोन हजार चोवीस. मला बहात्तरावं लागलं होतं. दात शाबूत, नजर शाबूत, मिशी पांढरी पण टोकदार, आणि सौंसरहून जामसांवलीला जाणाऱ्या रस्त्यावर जे माझं शेत आहे तिथे मी म्हणेन ती पूर्व दिशा. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची झाली असती, पण गुरुजींचं आणि माझं पटलं नाही, आणि माघार घ्यायची सवय आमच्यात नाही. गुरुजींच्यातही नव्हती.

ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याच्याशीही माझं पटलं नव्हतं. तो सौंसरच्या बाजारात सलून चालवतो. पन्नाशीचा माणूस, अंगाने तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काडी, पण हात असा की वस्तरा फिरतो आहे की नाही हे गालाला कळत नाही. डोकं मात्र ठिकाणावर नाही, असं सगळा बाजार म्हणायचा आणि मीही म्हणायचो. त्याचं नाव इथे घालत नाही. त्याला विचारलं तर तो म्हणेल, नाव राहू द्या, फुलायचे टाइम तेवढे बरोबर लिहा.

त्याचं दुकान म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि मागचं दार सताड उघडं. त्या दारामागे सांडपाण्यावर त्याने बाजेएवढ्या जागेत काय काय लावलेलं. वांगी, टमाटर, मिरची, भिंतीवर भोपळ्याचा वेल, पलीकडे दोडका. आरसा बरोबर त्या दारासमोर. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा किती मन लावून आपला चेहरा पाहतो. तो चेहरा पाहतच नव्हता. आरशातून मागची फुलं पाहायचा. हात दाढीवर, डोळा वेलावर. तरी कोणाला कधी कापलं नाही, हे कबूल करावं लागेल.

दारावर एक फळी टांगलेली होती. तिच्यावर खडूने लिहिलेलं, "९ ते १०॥ मालक मागे आहे." बाजारातलं दुसरं कोणतंही सलून त्या वेळेला भरलेलं असतं. कचेरीत जाणारे, पांढुर्ण्याची बस पकडणारे, सगळे तेव्हाच येतात. याचं दुकान तेव्हा रिकामं आणि हा मागे वांग्यापुढे उकिडवा.

"फूल शोभेले उघडत नाई, काका," तो मला सांगायचा. "ज्याले बोलावलं, त्याच्या टाइमाले उघडते."

मग सगळा पाढा. भोपळ्याचं फूल दिवस उगवायच्या आधीच उघडतं, कारण त्याच्या माश्या भल्या पहाटे निघतात, आणि दहा वाजेस्तोवर ते मान टाकतं. कपाशीचं फूल ऊन चढलं की. दोडका दिवसभर मूठ आवळून बसतो आणि गाई घरी येण्याच्या वेळेला पिवळा होतो, कारण त्याचं येणंजाणं अंधार पडल्यावर उडणाऱ्या पाखरांशी. भलत्या वेळेला पराग सांडून ठेवला तर तो वाऱ्याने जातो, नाहीतर दवाने भिजतो. "झाड का खुळं हाये?" असं म्हणून तो वस्तरा पुसायचा.

मी म्हणायचो, फूल निघतं, फळ लागतं, मधलं देवाचं. तो म्हणायचा, देवाचं तर आहेच, पण देवानेही वेळ लावून दिली आहे.

मागच्या अंगणात त्याने वाळलेले बांबू रचून ठेवले होते. सरपणासाठी नव्हे. मोठा काळा भुंगा असल्या वाळक्या बांबूला भोक पाडून राहतो, म्हणून. ते भुंगे दुकानातून आरपार जायचे. एकदा तहसीलचे एक बाबू ओलं डोकं घेऊन बसले होते, त्यांच्या टकलावर भुंगा उतरला. बाबू ओरडणार, तेवढ्यात हा शांतपणे म्हणाला, "साहेब, हलू नका. त्याचा नंबर तुमच्या आधीचा हाये." भुंगा गेल्यावरच कात्री पुढे चालली. ते बाबू पुन्हा आले नाहीत, पण ही गोष्ट त्यांनीच तालुकाभर केली.

माझं भांडण त्याच्या आधीचं. माझ्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं पांढुर्ण्याला. मुलाकडची मंडळी मोठी, म्हणून मी सकाळीच दाढीला गेलो. डावा गाल झाला. उजव्यावर फेस. हा आरशात पाहतो काय, वस्तरा खाली ठेवतो काय, "पाच मिनिट काका" म्हणून मागे गेला तो गेलाच. फेस गालावर वाळला. मी दोन हाका मारल्या. तिसरी हाक मारणं माझ्या स्वभावात नाही. टॉवेलाने फेस पुसला आणि तसाच बस पकडून पांढुर्ण्याला गेलो. वाटेत दुसरीकडे दाढी करता आली असती, पण मग राग कशाचा धरायचा? साक्षगंधात मी सगळ्यांना उजवा गाल दाखवूनच बसलो. मुलाचा मामा विचारून राहिला की सौंसरकडे अशी पद्धत आहे काय. मी हो म्हटलं.

त्यानंतर आठ वर्षं मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. बाजारातून जाताना त्या बाजूने मान वळवायची नाही, हेही ठरवलं होतं. त्याने कधी माफी मागितली नाही. त्याला काही झालं आहे हेच त्याला माहीत नसावं.

आता जाळीचं सांगतो. आमच्या गावाचा भंडारा दर हनुमान जयंतीला जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात असतो. वांग्याची भाजी, वरण, भात, पोळी. वांगी घरोघरून गोळा व्हायची. दोन हजार तेवीसच्या भंडाऱ्यात पंगतीत एकाच्या पत्रावळीत अळी निघाली आणि पाहुण्या गावच्या लोकांनी त्यावरून आमची टर उडवली. मला ते लागलं. पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळ्या गावासमोर म्हटलं, "येत्या साली वांगं माह्या एकट्याचं. कोनी एक वांगं आनू नका. अन् माह्या वांग्यात एक अळी निघाली तं ही मिशी उतरवीन."

बायको घरी म्हणाली, वांगी देतो म्हटलं असतं तेवढं पुरलं असतं. मिशी मधी कायले आणली? पण शब्द गेला होता.

अळीला उपाय जाळी. अर्धा एकर वांगी लावली आणि वरून, चारी बाजूंनी मच्छरदाणीसारखी बारीक पांढरी जाळी बांधली. आत जायला एक दार, त्यालाही पडदा. अळीचं पाखरू आत शिरायलाच नको. मंगळवारी, शनिवारी जामसांवलीला पायी जाणारे लोक रस्त्यात थांबून विचारायचे, काका, लगन कोनाचं हाये? मीही थांबून प्रत्येकाला जाळी समजावून सांगायचो. बाजारात सांगितलं, सोयऱ्यांत सांगितलं. जाळीशिवाय वांगं लावणारा माणूस मूर्ख, इथपर्यंत सांगितलं.

झाडं अशी आली की माझ्या कमरेला लागली. शिवरात्रीच्या पंधरा दिवस आधीच फुलांनी जांभळी झाली. आणि फुलं गळायला लागली. फळ धरेचना. इकडे एक वांगं, तिकडे एक, बाकी फूल सुकून खाली. खताच्या दुकानातून एक औषध आणलं, मग दुसरं. फुलं आणखी आली आणि आणखी गळली. हनुमान जयंतीला दीड महिना उरला होता. गावातल्या बाकी लोकांनी माझ्या सांगण्यावरून भंडाऱ्यासाठी वांगं लावलंच नव्हतं.

एका सकाळी ज्या बाजूला मान वळवायची नाही त्याच बाजूला मी वळलो आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. आठ वाजले होते. वेळ मी मुद्दाम पाहून गेलो होतो.

त्याने कापड झटकलं, माझ्या गळ्याभोवती बांधलं, ब्रश फिरवला आणि म्हणाला, "उजव्या गालापासून लावतो. तो राहिला होता."

म्हणजे याला माहीत होतं. मी हसलो नाही, पण कापडाखाली पोट हललं. दाढी अर्धी झाल्यावर मी आरशाकडे पाहत म्हटलं की एका ओळखीच्या माणसाची वांगी धरत नाहीत. त्याने कोण माणूस हे विचारलं नाही. जाळी सगळ्या रस्त्याला दिसत होती.

त्याने पावडरचा डबा उचलला. गळ्याला लावायची साधी पावडर. झाकण वळवून भोकं बंद केली आणि डबा माझ्या हातावर उलटा धरला. काही पडलं नाही. भोकं उघडली, डबा नुसता उलटा धरला, चिमूटभर पडली. मग त्याने डबा झटकला आणि माझी मनगटं पांढरी झाली. "वांग्याचं फूल म्हंजे हा डबा," तो म्हणाला. मध्ये ज्या पिवळ्या नळ्या असतात त्यांच्या टोकाला बारीक भोकं. दव वाळून ऊन लागलं की ती उघडतात. पण उघडली तरी पराग आपसुक पडत नाही. काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न उडवता नुसता घूं करतो. त्या थरथरीने पराग पडतो. तोही सगळा एकदम नाही, थोडा त्याला, थोडा मागून येणाऱ्याला. मधमाशीला ते घूं जमत नाही.

जाळीत भुंगा जात नाही, एवढं मला पाचवीचं पुस्तक न वाचता कळलं. जाळी काढा असं त्याने म्हटलं असतं तर मी कापड काढून उठलो असतो. तो म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो सायकलवर आला आणि खिशातून दाढीचं मशीन काढलं, बॅटरीवर चालणारं. मला वाटलं चेष्टा करून राहिला. साडेसात वाजले होते. मी म्हटलं, आला आहेस तर लाग कामाला. तो म्हणाला, नऊला. मी म्हटलं, शेत माझं आहे. त्याने वाद घातला नाही. मशीन चालू केलं, फुलाच्या देठाला टेकवलं, खाली काळा कंगवा धरला. घूं झालं. कंगवा काळाच. दहा फुलं करून दाखवली, कंगवा काळाच. मग मशीन खिशात घालून तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नऊ वाजायची वाट पाहत जाऊन बसला. मीही बसलो.

नऊ वाजून गेल्यावर उठला. तेच झाड, तेच मशीन. कंगव्यावर पिवळी पूड अशी पडली की फुंकर मारली तर उडावी. मी डोळे चोळून पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं. त्याने त्या फुलाला कानातल्या कुडीसारखं अलगद हलवलं आणि पुढच्या झाडाकडे गेला.

रोज येऊ लागला. नऊ ते साडेदहा. तोंडाने मशीनच्याच सुरात गुणगुणत एकेका फुलाला मशीन लावायचा, जसा काही कल्ले सारखे करतो आहे. निंदणाला आलेल्या बायांना हसू आवरेना. त्यातली एक म्हणाली, "काका, दाढी झाली फुलायची. आता चंपी बी कराले सांगा." तो त्यांना म्हणाला की चंपी वारा करतो, तेवढं तुमच्या काकांनी बंद केलं आहे. हे त्याने इतक्या सरळ तोंडाने म्हटलं की टोमणा होता हे मला घरी गेल्यावर कळलं.

पाच-सहा दिवसांत त्याने केलेल्या ओळींत देठाशी हिरवी गाठ दिसू लागली. वांगं धरलं. मी त्या गाठीला बोट लावून पाहिलं, नातवाच्या गालाला लावावं तसं. पण अर्धा एकर कुठे आणि एक मशीन कुठे. रोज दोन ओळी व्हायच्या, बाकीच्या वीस ओळींची फुलं त्याची वाट पाहून गळायची. मीही एक मशीन आणलं. माझा हात नांगराचा. पहिल्या दिवशी एका ओळीची निम्मी फुलं तोडली. त्याने माझ्या हातातून मशीन घेतलं आणि माझ्याच हातात पाण्याची कळशी दिली.

बाराव्या दिवशी त्याची बायको शेतावर आली. मला वाटलं डबा घेऊन आली. तिने डोक्यावर पदर घेतला आणि माझ्यापुढे उभी राहिली. तिचं म्हणणं असं की फळीवर लिहिलेलं दीड तासाचं होतं, तेवढं गिऱ्हाइकांना सवयीचं झालं होतं. आता सायकलने येणं, जाणं, मशीनची बॅटरी पुन्हा भरणं, दुकान साडेअकरापर्यंत बंद. लोक समोरच्या नव्या सलूनमध्ये जाऊ लागले आणि तिकडेच बसू लागले. दोन्ही खुर्च्यांवर धूळ आहे. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. मग म्हणाली, "काका, ते तुमाले नाई म्हननार नाई. तुमची जाळी राहील अन् आमचं दुकान जाईल."

ती गेली. तो लांब ओळीत होता, त्याला दिसलंही नाही. साडेदहा झाल्यावर तो धुऱ्यावर आला तेव्हा मी विचारलं की पहिल्याच दिवशी खुर्चीत का नाही सांगितलं, जाळी काढा म्हणून. एका वाक्यात काम झालं असतं.

तो मशीनमधला पराग ब्रशने झाडत होता. म्हणाला, "सांगतलं असतं तं तुमी आनखी एक जाळी लावली असती."

तो सायकलवर बसला आणि उद्या येतो म्हणाला.

मी तिथेच बसून हिशेब केला, पैशाचा नव्हे. जाळी राहिली तर अळी येणार नाही आणि वांगंही होणार नाही. दोन ओळींच्या वांग्यात गावाचा भंडारा होत नाही. जाळी काढली तर भुंगा येईल आणि त्याच्या मागून अळीचं पाखरूही येईल. मग वांगं असेल, मिशी नसेल. आणि ज्या ज्या माणसाला मी जाळीचं महत्त्व सांगितलं होतं तो तो माणूस याच रस्त्याने जातो.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा घोर लावून घेईल. भंडाऱ्याला वांगं पुरलं. सगळं माझं होतं. अळी तिसऱ्याच टोपल्यात निघाली. चिरायला बसलेल्या बायांनी ती माझ्यापासून लपवून फेकायचं पाहिलं, मीच ओरडून सगळ्यांना दाखवली. उरलेली वांगी मी त्यांच्यासोबत बसून एकेक उभी चिरून पाहिली, पंगतीत एकही अळी गेली नाही. मिशी त्यानेच उतरवली, त्याच्या दुकानात, दहा माणसं दारात उभी होती. बरोबर साडेदहानंतर. दोन्ही बाजू एका बैठकीत केल्या. नंतर मी मिशी वाढवली नाही. बायको म्हणते बरा दिसतो. त्याचं गिऱ्हाईक परत आलं, सगळं नाही, पण दोन्ही खुर्च्या पुसलेल्या असतात.

आता ती सकाळ. शनिवार होता. सातला मी विळा घेऊन शेतावर गेलो. जाळीच्या दोऱ्या चारी बाजूंनी खुंट्यांना बांधलेल्या. मागच्या बाजूला नाला आहे, तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. तिकडून सुरुवात केली असती तरी भुंग्याला चाललं असतं. मी रस्त्याच्या बाजूने केली. जामसांवलीला पायी निघालेल्या लोकांची रांग होती. पहिल्या दोन दोऱ्या सुटल्या तशी जाळी लोंबली आणि सगळी रांग थांबली. त्यात तीन माणसं अशी होती ज्यांना मी स्वतः मूर्ख म्हटलं होतं. त्यांतला एक पुढे आला.

"काका," तो म्हणाला, "जाळी काढून राहिले काय?"

"हाव," मी म्हटलं. "काढून राहिलो. ते टोक धर."